काळ्या रंगाची घाई

मेंदीच्या पानात काळा रंग नसतो. तिच्यातल्या रंगद्रव्याचं नाव लॉसोन. ते पांढऱ्या केसावर चढलं की केस नारिंगी, तांबूस किंवा विटकरी होतो. मुळातच काळ्या असलेल्या केसावर उन्हात दिसेल न दिसेल एवढी लाली येते. मेंदी याच्यापुढे जात नाही. लिंबू पिळा, रात्रभर भिजवा, पहाटे उठून लावा, तरी नाही. असं असूनही महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या किराणा दुकानात 'काळी मेंदी' मागितली, तर दुकानदार न बिचकता पाउच काढून देतो. पाउचवर हिरवी पानं असतात, लांबसडक केसांची बाई असते आणि अर्ध्या तासाच्या आत केस काळेभोर करण्याचं आश्वासन असतं. आश्वासन खोटं ठरत नाही. केस खरोखरच काळे होतात, फक्त मेंदीने होत नाहीत.

झाडपाल्याचा रंग विरुद्ध रासायनिक कलप हे भांडणच मला चुकीच्या जागी लागलेलं वाटतं. भांडायचंच तर आपल्या दोन हट्टांशी भांडायला हवं: रंग काळाच हवा, आणि तो आत्ता हवा. यातला कोणताही एक हट्ट सोडला तर वनस्पतींचा रंग उत्तम काम देतो. दोन्ही धरून ठेवले आणि वर पाकिटावर 'हर्बल' असंही छापलेलं हवं म्हटलं, तर कोणीतरी आपल्याला टोपी घालणार हे ठरलेलं. त्या फसवणुकीत कारखानदाराइतकाच गिऱ्हाइकाचाही हात आहे.

आधी मेंदी काम कसं करते ते पाहू, कारण घरोघरच्या पाककृतींमधला शहाणपणा आणि भाबडेपणा दोन्ही तिथे उघडे पडतात. सुक्या पाल्यात रंगद्रव्य मोकळं नसतं, साखरेच्या रेणूशी बांधलेलं असतं. ओलावा आणि थोडा आंबटपणा मिळाला की ते काही तासांत सुटं होतं. मेंदी भिजत घालण्याचं कारण हे. सुटं झालेलं लॉसोन केसातल्या केराटिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि असं चिकटतं की शाम्पूने निघत नाही. केस वाढून कापले जातील तेव्हाच जायचं. म्हणजे लिंबाचा रस बरोबर आहे. चहाचं कोरं पाणी, आवळ्याची पूड आणि लोखंडी कढई हे त्रिकूट तर फारच हुशारीचं, त्याच्याकडे पुढे येतोच. पण दही आणि अंडं? लॉसोनला प्रथिन हवं असतं. ते डोक्यावरचं की अंड्यातलं, हा भेद त्याला कळत नाही. अंडं फोडून घातलं की थोडा रंग त्या अंड्यालाच लागतो आणि धुताना त्याच्यासोबत वाहून जातो. केसांना मऊपणा हवा असेल तर अंडं दुसऱ्या दिवशी लावावं. बीट किसून घालणाऱ्यांविषयी न बोललेलं बरं. बिटाचा रंग केसाला धरतच नाही, पहिल्या पाण्यात मोरीत जातो.

आणखी एक गोष्ट. मेंदी केसाचा मूळ रंग काढून घेत नाही, त्यावर आपला रंग चढवते, म्हणून ती गडद केसाला फिका करू शकत नाही. अर्धं पिकलेलं डोकं मेंदीने रंगवलं की काळे केस काळेच राहतात आणि मधले पांढरे तेवढे तांब्याच्या तारांसारखे उठून दिसतात. काहींना ते भडक वाटतं. मला त्यात एक मोकळेपणा दिसतो: केस पिकलेत आणि ते रंगवलेत, या दोन्ही गोष्टी ते डोकं एकाच वेळी सांगून टाकतं. माका, जास्वंद, कढीपत्ता घालून उकळलेल्या तेलाने पिकलेला केस पुन्हा काळा होतो, असं सांगणाऱ्यांचा मात्र मोकळेपणाशी संबंध नाही. त्वचेबाहेर आलेला केस जिवंत नसतो. त्याला रंग देणाऱ्या पेशी मुळाशी असतात, आणि त्यांनी काम थांबवल्यावर बाहेरच्या कांडीला तेल कितीही चोळलं तरी आतून रंग फुटत नाही. तेल लावावं, डोकं शांत वाटतं. पण त्याला कलप म्हणू नये.

आता पाउचमधल्या काळ्याकडे. तो पॅरा-फेनिलीनडायअमीन या रसायनाचा असतो. लोक त्याला पीपीडी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात डांबरापासून रंग काढण्याची लाट आली, त्या लाटेतलं हे अपत्य. 1863 मध्ये ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, 1880 च्या दशकात ते लोकरी कातड्यांच्या रंगकामात आलं, आणि 1907 मध्ये पॅरिसच्या युजेन श्युएलर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने अशाच कृत्रिम रंगांचा केसांसाठी कलप बनवून सलूनवाल्यांना विकायला सुरुवात केली. पुढे दोन वर्षांत त्याने काढलेली कंपनी आज लॉरियाल म्हणून जगाला माहीत आहे. युक्ती देखणी आहे. पीपीडीचा रेणू इतका लहान, की तो केसाच्या आत शिरतो. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखा पदार्थ भेटला की तिथेच त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे आणि गडद होतात, आणि एवढे मोठे झाल्यावर त्यांना बाहेर पडता येत नाही. वीस-तीस मिनिटांत घट्ट काळा रंग. मेंदी ज्यासाठी रात्र मागते आणि तरीही जे देऊ शकत नाही, ते हे रसायन चहा उकळून पिऊन होईपर्यंत देऊन जातं.

त्याची किंमत काही जणांना मोजावी लागते. पीपीडीची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्माची. कानामागे, मानेवर, पापण्यांवर खाज आणि सूज येते, कधी डोळे उघडता येऊ नयेत इतका चेहरा फुगतो. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2006 मध्ये पीपीडीला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरवलं होतं. या मानाबद्दल कोणी त्याचं अभिनंदन केलं नाही. युरोपीय संघात केसावर प्रत्यक्ष लागणाऱ्या मिश्रणात त्याचं प्रमाण 2 टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असं बंधन आहे. पर्यटनस्थळी मुलांच्या दंडावर काळ्या मेंदीचे टॅटू काढून देतात त्यात हेच रसायन असतं, तेही कोणी न मोजलेलं. लहानपणी त्या टॅटूने शरीर डिवचलं जातं आणि वीस वर्षांनी पहिल्यांदा कलप लावताना त्याचा हिशेब चुकता होतो. गंमत अशी की 'मी तर कायम मेंदीच लावते' असं डॉक्टरांना सांगणारी बाई खोटं बोलत नसते. तिला पाउचनेच तसं सांगितलेलं असतं. डॉक्टरला मात्र कारण शोधायला त्यामुळे उशीर होतो. माझ्या मते काळ्या मेंदीचा खरा गुन्हा हा आहे. रसायन वापरणं हा गुन्हा नव्हे. ते मेंदीच्या नावाखाली वापरणं हा आहे, कारण ज्याला ॲलर्जी आहे त्याला टाळता येण्याजोगी एकमेव गोष्ट, म्हणजे नाव, ती त्याच्यापासून काढून घेतली जाते.

रासायनिक कलपाची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. कलपाने कर्करोग होतो, हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या प्रश्नाचा अभ्यास केला, तेव्हा स्वतःच्या केसांना कलप लावणाऱ्यांबाबत ठोस निष्कर्ष काढण्याइतका पुरावा तिला मिळाला नाही. जे लोक दिवसरात्र हेच काम करतात त्या केशकर्तनकारांच्या आणि पार्लरमधल्या कामगारांच्या बाबतीत मात्र तिने या व्यवसायातला संपर्क 'बहुधा कर्करोगजनक' या वर्गात टाकला. महिन्याकाठी एकदा कलप लावणारा घाबरलेला असतो आणि रोज दहा जणांना लावणाऱ्याला कोणी विचारत नाही. काळजीची वाटणीसुद्धा आपण अशी उफराटी केली आहे.

दुसऱ्या बाजूला, झाडातून आलं म्हणजे निरुपद्रवी, हा समजही टिकत नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना मेंदी लावल्यावर तांबड्या रक्तपेशी फुटून गंभीर आजार झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ही कमतरता भारतात काही समाजांमध्ये चांगलीच आढळते. म्हणून तान्ह्या बाळाच्या तळव्यांना कौतुकाने मेंदी फासणं टाळलेलंच बरं, मग मेंदी कितीही शुद्ध असो. आणि शुद्ध तरी कुठे असते! पाला जुना झाला की पूड तपकिरी पडते आणि गिऱ्हाईक तर हिरवीगार मागतं, म्हणून तिच्यात हिरवा रंग मिसळला जातो. कधी बारीक वाळू असते, वजनाला बरी पडते. काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. अशा केसांवर पुढे पार्लरमध्ये पेरॉक्साइड लागलं तर केस तापतात, चरचरतात आणि तुटतात.

झाड निर्दोष म्हणून त्याची शेतीही निर्दोष, असंही नाही. 1917 च्या एप्रिलमध्ये गांधीजी चंपारण्यात गेले ते एका वनस्पतीजन्य रंगासाठीच. वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे, हा तीनकठिया पद्धतीचा जुलूम बिहारच्या शेतकऱ्यावर होता. त्याआधी 1859-60 मध्ये बंगालचे शेतकरी नीळवाल्या गोऱ्यांविरुद्ध उठले होते. आणि विचित्र योगायोग असा, की बीएएसएफ या जर्मन कंपनीची कृत्रिम नीळ 1897 मध्ये बाजारात आल्यावर या नैसर्गिक शेतीचा कणा मोडत गेला. म्हणजे इथे कारखान्यातल्या रसायनाने शेतकऱ्याला वेठबिगारीतून सुटायला हातभारच लावला, जरी जाताजाता मळेवाल्यांनी त्याचा तोटाही कुळांकडूनच वसूल करायचा प्रयत्न केला. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची गोष्ट वेगळी. तिथली मेंदी कोरडवाहू जमिनीवर, पावसाच्या पाण्यावर येते, एकदा लावलेलं झाड कित्येक वर्षं पाला देतं, आणि 2021 मध्ये सोजतच्या मेंदीला भौगोलिक मानांकन मिळालं. एक वनस्पती जुलमाची झाली आणि दुसरी कोरड्या मुलखाचा आधार. फरक वनस्पतींत नव्हता, जमीन कोणाच्या हातात आणि सौदा कोणाच्या शब्दावर यात होता.

मग झाडापासून खरा काळा रंग मिळतच नाही का? मिळतो, आणि आपल्याकडे तो फार जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त अत्तरं-सुगंधांच्या प्रकरणाची सुरुवातच केशरंगाने केली आहे. त्याचा युक्तिवाद व्यवहारी आहे: डोकं पांढरं असेल तर माळा, अत्तर, वस्त्रं, दागिने काही शोभत नाहीत, तेव्हा आधी केसांचं पाहा. कृती अशी. लोखंडी भांड्यात हरकाचे दाणे आंबट द्रवात लोहचुऱ्यासकट शिजवायचे, बारीक वाटायचे, आंबट लावून तयार केलेल्या केसांवर थापायचे आणि ओल्या पानांनी डोकं गुंडाळून दोन प्रहर बसायचं. मग तो लेप काढून आवळ्याचा लेप द्यायचा, पुन्हा पानं गुंडाळायची, पुन्हा दोन प्रहर. धुतल्यावर डोकं काळं होतं. शेवटी लोखंडाचा आणि आंबटाचा वास घालवण्यासाठी सुगंधी तेलं लावून न्हायचं, हेही तो विसरत नाही.

रसायनशास्त्राच्या नजरेने यात जादू काही नाही. आंबटात लोखंड विरघळतं, ते केसात मुरतं, आणि वरून आवळ्यातलं टॅनिन आलं की दोघांचा मिळून निळसर काळा रंग तयार होतो. जुन्या पोथ्यांच्या काही शाया आणि कलमकारीच्या कापडावरच्या काळ्या रेघा याच जोडीच्या. कापडवाले आवळ्याऐवजी हिरडा घेतात, तोच हिरडा जो आपल्याकडे भीमाशंकरच्या, जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी गोळा करतात. आजीने लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवली आणि वर चमचाभर आवळापूड टाकली, तेव्हा ती वराहमिहिराच्याच वाटेने जात होती. तिचा रंग नारिंगीकडून तपकिरीकडे सरकायचा तो त्या कढईमुळे.

पण घड्याळाकडे पाहा. दोन आणि दोन मिळून चार प्रहर, म्हणजे बारा तास. केस काळे करून झाल्यावर राजाने अंतःपुरात जाऊन राज्यसुख भोगावं, असं ग्रंथकार पुढे सुचवतो, तेव्हा कृती कोणासाठी लिहिली आहे ते कळतं. डोक्याला पानं बांधून बारा तास बसायला राजाच हवा.

दुसरी वाट निळीची. तीही वेळखाऊच. आधी नुसती मेंदी दोन-चार तास, ती धुवायची, मग निळीच्या पाल्याची पूड फक्त पाण्यात कालवून, आवडत असल्यास चिमूटभर मीठ घालून, लगेच लावायची. इथे लिंबू नको आणि भिजवून ठेवणंही नको, कारण निळीचा रंग पाणी लागताच सुटायला लागतो आणि वेळेत केसावर पोचला नाही तर वाटीतच संपतो. पुन्हा तासदोन तास. धुतल्यावर केस हिरवट दिसतात आणि माणूस हबकतो. पण हवा लागत जाते तसा रंग पुढच्या एकदोन दिवसांत गडद होत काळ्याकडे जातो. मेंदीचा थर वगळून पांढऱ्या केसांवर थेट नीळ लावणाऱ्याला निळसर-हिरवं डोकं घेऊन ऑफिसला जावं लागतं. सगळं नीट जमलं तर निघणारा काळा रंग कलपाच्या सपाट काळ्यापेक्षा जिवंत असतो, असं माझं मत. पण रविवार गेला तो गेला. शिवाय केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, तेव्हा तीन आठवड्यांत मुळं पुन्हा पांढरी.

इथे प्रश्न रसायनाचा उरत नाही, वेळेचा होतो. सकाळची लोकल, दोन डबे, संध्याकाळी पाणी येण्याची वेळ असं ज्या बाईचं वेळापत्रक आहे, तिला निळीचे दोन टप्पे सुचवणारा लेख म्हणजे थट्टा आहे. सेंद्रिय मेंदी-निळीची महाग पाकिटं ज्या घरांत जातात तिथे स्वयंपाकाला दुसरं कोणीतरी येतं. आणि ती दुसरी, रविवारी उरलेल्या अर्ध्या तासात पाउच उघडते. चाळिशीनंतर नोकरी शोधणाऱ्या माणसाची गोष्टही तशीच. विक्रेता, स्वागतकक्षातली बाई, सोसायटीचा रखवालदार यांना पांढरे केस महागात पडू शकतात. पिकले तसे केस मिरवण्याचा सल्ला ज्यांचं पद पक्कं आहे त्यांच्याकडूनच येतो, हे मी पाहिलं आहे. राजकारण्यांचं पद त्याहून पक्कं, तरी सत्तरी ओलांडलेल्या पुढाऱ्याच्या डोक्यावर एकही पांढरा केस दिसत नाही. तेव्हा सामान्य माणसाला व्यर्थ सोसाची नावं कशाला ठेवायची?

काळेपणाचा हट्ट सोडण्याची एक जुनी रीत मात्र आपल्या शेजारीच आहे. मक्का जिंकल्यानंतर अबू कुहाफा या वृद्धाचे पांढरेशुभ्र केस पाहून पैगंबरांनी ते कशाने तरी बदलायला सांगितलं, पण काळा रंग टाळा असंही सांगितलं, अशी परंपरा हदीसमध्ये नोंदलेली आहे. काळ्याला हरकत का, याचा ऊहापोह करताना अनेक धर्मशास्त्र्यांनी फसवणुकीचं कारण दिलं: वय लपवून समोरच्याची, विशेषतः लग्नाच्या बोलणीत, दिशाभूल होऊ नये. मोहल्ल्यात दिसणाऱ्या मेंदीने रंगलेल्या लाल दाढीमागे हा विचार आहे. मी धार्मिक माणूस नाही, पण रंगवण्याची हौस आणि लपवण्याची गरज या दोन गोष्टी एवढ्या स्वच्छ वेगळ्या केलेल्या मला दुसरीकडे कुठे भेटल्या नाहीत. आपल्या खेड्यांतही मेंदी लावलेले लाल केस घेऊन बाजाराला येणारी म्हातारी माणसं असतात आणि त्यांना कोणी हसत नाही. शहराने ते हसू शिकवलं.

तरीही बहुतेकांना काळाच रंग हवा असणार आणि वेळ नसणार, हे गृहीत धरून बोललं पाहिजे. त्यांना पाउच वापरू द्यावा, पण काय वापरतो आहोत हे कळून. पीपीडी असलेल्या केशरंगाच्या पाकिटावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणं आपल्या नियमांनुसार बंधनकारक आहे: त्वचेला त्रास होऊ शकतो म्हणून आधी चाचणी घ्या, भुवया आणि पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. इशारा असतो. पण तो पाउचच्या मागे, शिवणीजवळ, मुंगीच्या अक्षरांत असतो, आणि पुढच्या बाजूला हातभर मोठ्या अक्षरांत 'मेंदी'. ज्या उत्पादनाचा काळा रंग मेंदीतून येत नाही त्याच्या नावात मेंदी हा शब्द वापरायला बंदी असावी. काळा रंग देणाऱ्या घटकाचं नाव पुढच्या बाजूला, विक्रीच्या नावाइतक्याच ठसठशीत अक्षरांत, मराठी बाजारात मराठीत असावं. कानामागे थेंबभर लावून अठ्ठेचाळीस तास थांबण्याची सूचना चित्रासकट द्यावी, कारण ज्यांना ती सर्वांत जास्त लागते त्यांना बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. हे करायला नवं संशोधन लागत नाही, छपाईची एक पाटी बदलावी लागते.

आणि पाउचमध्ये हातमोजे असावेत. मोठ्या डब्यात ते असतात. स्वस्त पाउचमध्ये सहसा नसतात. गावच्या सलूनमध्ये मात्र दिवसभर पाउचच फुटत असतात, आणि ब्रश झिजला की कारागीर उरलेला कलप बोटांनीच लावतो. त्याची नखं काळी पडलेली असतात. त्याला विचारलं तर तोही सांगतो, मेंदीच आहे, काही होत नाही.